एकशे चव्वेचाळीसनंतर पुन्हा एकशे एकोणतीस

माझ्या खोड्या लिहून काढायच्या म्हटल्या तर दोन जाड वह्या लागतील, आणि त्या बांधायलाही मीच लागेन. धंदाच माझा बाइंडिंगचा. ऑफिसांची रजिस्टरं, कॉलेजातले प्रबंध, पाठ मोडलेली पुस्तकं, सगळं माझ्या टेबलावर येतं. एकदा एका ऑफिसातले मोठे साहेब निवृत्त होणार होते. तिथल्या कारकुनांनी सांगितलं, काहीतरी झकास भेट बनव. मी तीनशे कोऱ्या पानांचं जाडजूड पुस्तक बांधलं आणि वर सोनेरी अक्षरांत ठोकलं, 'साहेबांची कामगिरी'. समारंभात साहेब पानं उलटत राहिले, उलटतच राहिले. मग म्हणाले, "छान. लिहायला भरपूर जागा ठेवलीय." माणूस माझ्यापेक्षा वस्ताद निघाला. अजून रस्त्यात भेटले की हात जोडतो त्यांना.

तर, अशी एक खोडी मी करून पार विसरून गेलो होतो. अठ्ठावीस वर्षांनी ती परत आली आणि माझ्या बहिणीच्या मानगुटीवर बसली.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा, ती एकोणीसची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. वडील सदा फिरतीवर. मला शाळेत पाठवायला घरात कोणीतरी हवं, आणि शाळेतून पळून आलो की कानाला धरून परत पोचवायलाही कोणीतरी हवं. ताईने कॉलेज सोडलं. पुढे इस्पितळाच्या कापडखोलीत कामाला लागली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे. अडतीस वर्षं हेच. 'तुझ्यामुळे राहिलं माझं' असं ती एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळा तरी झालो असतो.

पन्नाशी उलटल्यावर तिने बाहेरून बी. ए. करायला घेतलं. एकेक पेपर काढत गेली. एकच अडला, साहित्यसमीक्षेचा. दोनदा उडाली. नोंदणीला आठ वर्षं पुरी होत आली होती आणि आठ वर्षांत संपवलं नाही तर सगळे पेपर रद्द, परत पहिल्यापासून. म्हणजे आता एकच परीक्षा हातात.

"परत पहिल्यापासून मी काही करणार नाही," ती म्हणाली. टॉवेलाची घडी घालत होती. "झालं तर झालं. नाहीतर कॉलेज दोनदा सोडलं म्हणायचं."

"अगं पण अडतंय कुठे?"

"गाइड पाठ करते मी. पेपरात विचारतात, स्वतःच्या शब्दांत लिहा. स्वतःचे शब्द गाइडात कुठून येणार?"

तिला कोणीतरी एक जुनं पाठ्यपुस्तक सांगितलं होतं. त्यात म्हणे सगळं फोड करून समजावलंय. पण ते छापायचं कधीच बंद झालेलं. मी म्हटलं, छापायचं बंद झालं म्हणजे रद्दीत यायचं सुरू झालं. काळजी करू नकोस.

जुन्या पुस्तकांचा ढीग लावून बसणारा एक दोस्त आहे माझा. चष्म्याच्या काचा अशा जाड की सगळे त्याला दुर्बीण म्हणतात.

"दुर्बीण, साहित्याची समीक्षा पाहिजे."

"कसलं साहित्य? नळाचं की विजेचं?"

"वाचायचं रे."

"तू? वाचायचं?" त्याने चष्मा काढून पुसला आणि परत लावून माझ्याकडे बघितलं. "तब्येत बरी आहे ना?"

पंधरा दिवसांनी त्याने पुस्तक काढून ठेवलं. कव्हर जाऊन त्याजागी खाकी कागद. कोपरे वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत. पहिल्या पानावर कपाचा गोल ठसा, आणि आत समासात सगळीकडे बारीक पेन्सिल. मी नाक मुरडलं. बाइंडरला पुस्तकात लिहिलेलं सोसत नाही.

"लिहिलंय म्हणून तर चांगलं," दुर्बीण म्हणाला. "कोणीतरी आधी चावून ठेवलंय. तुझ्या बहिणीला नुसतं गिळायचं."

आणि खरंच तसं झालं. ताई कामावरून आली की चहा घेऊन त्या पुस्तकाला बिलगायची. छापलेलं एकदा वाचायची, पेन्सिलीतलं दोनदा. "ही बाई भारी आहे," एक दिवस म्हणाली.

"बाई कशावरून?"

"'इथे मी वैतागले' असं लिहिलंय. पुरुष वैतागला असता तर 'वैतागलो' लिहिलं असतं. व्याकरणात कोणी लपू शकत नाही."

आम्ही तिचं नाव ठेवलं पेन्सिलबाई.

परीक्षेला दोन महिने होते तेव्हाची गोष्ट. मी ताईकडे जेवायला गेलो होतो. ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"अरे, हे बघ जरा. तुझ्या धंद्यातलं आहे. एकशे चव्वेचाळीस पानानंतर परत एकशे एकोणतीस आलंय."

घास तोंडातच राहिला माझ्या.

इथे थोडं धंद्यातलं सांगतो. पुस्तक पान पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र छापतात आणि त्याची घडी घालतात. त्या घडीला फर्मा म्हणायचं. असे पंधरा-वीस फर्मे ओळीने एकावर एक ठेवायचे, शिवायचे, की झालं पुस्तक. एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस म्हणजे नववा फर्मा. तो दोनदा आला म्हणजे दहावा गायब.

"दे इकडे," म्हटलं. खाकी कागद सोडवला, पाठ बघितली. शिवणीच्या टोकाला लाल-हिरवा दोरा. आमचा उस्ताद सोडून हा दोरा गावात कोणी वापरत नव्हतं. तेवीस वर्षांचा असताना मी त्याच्याच कारखान्यात होतो.

मग सगळं धडाधड आठवलं. आमच्यात एक लंबू होता. फर्मे उचलण्यात त्याचा हात असा चालायचा की बघत राहावं. एक दिवस फुशारकी मारायला लागला, मी डोळे बांधूनसुद्धा पुस्तक लावतो. आम्ही त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. तो टेबलाभोवती फिरत एकेक ढीग हाताने चाचपत फर्मा उचलायला लागला. मी गुपचूप दहाव्याचा ढीग काढला आणि तिथे नवव्याचाच दुसरा ढीग ठेवला. सगळा कारखाना हसून लोळत होता. उस्ताद आला, मला बदडलं, चुकलेली पुस्तकं शिवण उसवून परत लावायला लावली. पण थोडी सुटली, पुढे गेली. "वाचणाऱ्याला कळेल तेव्हा देईल शिव्या," मी म्हणालो होतो. उस्तादने त्यावर अजून एक ठेवून दिली होती.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. फर्मा चुकलाय. होतं असं."

"कोणत्या गाढवाने लावलाय कोण जाणे. नेमका तोच दहावा धडा गेला. उपहास, उपरोध आणि व्याजस्तुती. दरवर्षी विचारतात."

"व्याजस्तुती? म्हणजे बँकेची स्तुती?"

"व्याज म्हणजे निमित्त रे, सोंग! जेव आता गप."

दुसऱ्या दिवसापासून मी दहावा फर्मा शोधायला लागलो. दुर्बिणीला कामाला लावलं. तीन वाचनालयं झाली. शेवटी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कपाटाच्या तळाशी तेच पुस्तक सापडलं. मला इतका आनंद झाला की ग्रंथपाल मॅडमना वाकून नमस्कारच केला. पुस्तक उघडलं. एकशे बेचाळीस, एकशे त्रेचाळीस, एकशे चव्वेचाळीस, एकशे एकोणतीस.

"हो, ती प्रत तशीच आहे," मॅडम म्हणाल्या. "कोण मूर्ख बाइंडर होता देव जाणे."

"मूर्खच," मी म्हणालो. "पार बिनडोक."

"तुमच्या धंद्यात असे बरेच असतील ना?"

"एक होता मॅडम. पण त्याने एकट्यानेच सगळ्यांची कसर भरून काढली."

तोंड पाडून ताईकडे आलो, तर ती खुशीत. चष्मा कपाळावर, समोर पुस्तक.

"बस. ऐक," म्हणाली. "मी मूर्खासारखी ती पानं सोडून देत होते, पुन्हा तेच काय वाचायचं म्हणून. आज सहज नीट बघितलं. पेन्सिलबाईने काय केलंय बघ."

दुसऱ्यांदा आलेल्या नवव्या फर्म्यात, समासात, ओळींच्या मधे, जिथे मुंगी शिरेल तिथे, बाईने दहावा धडा स्वतः लिहून काढला होता. सोळाच्या सोळा पानं. वरच्या कोपऱ्यात सुरुवात अशी:

'बाइंडर महाशय, आपल्या औदार्याला सीमा नाही. नववा धडा आम्ही एकदा मागितला, आपण दोनदा वाढलात. दहावा वाचून आमच्या डोळ्यांना शीण होईल म्हणून तो बिचारा स्वतःकडेच ठेवून घेतलात. असा कनवाळू माणूस शोधून मिळायचा नाही. हे झालं व्याजस्तुतीचं उदाहरण, वरून स्तुती आणि आतून चपराक. आता व्याख्या.'

ताई हसून हसून डोळे पुसत होती. मीही हसलो. पण कान असे तापले की त्यावर कपडे वाळले असते.

पुढे काय सुंदर लिहिलं होतं! मी शाळा अर्धी टाकलेला माणूस, मला कळलं म्हणजे बघा. उपहास म्हणजे समोरच्याला हसणं. उपरोध म्हणजे गोड शब्दांत कडू गोळी. मामा उशिरा घरी आले की मामी म्हणते, 'आज इतक्या लवकर?' हा उपरोध. आणि व्याजस्तुती उलटीही चालते, वरून निंदा आणि आतून माया. 'आजी मला म्हणते, मेली पुस्तकांना वाळवीसारखी लागलीय. पण हेच शेजारणींना सांगताना तिचा चेहरा बघावा.'

"अगं, म्हणजे तू मला गाढव म्हणतेस ते..."

"ते नुसतं गाढवच. त्यात अलंकार नाही."

त्यानंतर रोज संध्याकाळी मी तिचा अभ्यास घेऊ लागलो. खरं सांगतो, इतकी मजा मला कधी आली नव्हती. मी जन्मभर जे करत आलो त्या सगळ्याला नावं होती! मी काही बोललो की ताई बोट वर करायची, "उपरोध." अजून काही बोललो की, "उपहास, तोही हलका." 'साहेबांची कामगिरी'चा किस्सा सांगितला तर म्हणाली, "ही पुस्तकाच्या आकाराची व्याजस्तुतीच की रे!" मला तर सत्कार झाल्यासारखं वाटलं. तीही बदललेली. आधी पाठ केलेलं धाडधाड म्हणायची, आता थांबून, विचार करून, कापडखोलीतली उदाहरणं द्यायला लागली. एक डॉक्टर हरवलेला डगला मागायला आला की ती म्हणते, 'तुमच्यामुळे आमचा व्यायाम होतो हो.' "हा काय?" मी विचारायचो. "उपरोध," ती म्हणायची, आणि समजावून सांगायची. स्वतःच्या शब्दांत!

पण तिच्या मनात एक धाकधूक होती. "ही पेन्सिलबाई बरोबर असेल ना रे? छापलेला धडा वेगळाच काही म्हणत असेल तर? हिच्या भरवशावर मी शेवटचा पेपर देतेय."

"बरोबरच असणार," मी म्हणायचो. पण मनात यायचं, चुकीचं निघालं आणि ताई उडाली तर ते माझ्या खोडीमुळे. एकदा माझ्यामुळे कॉलेज सोडलं तिने. दुसऱ्यांदाही माझ्याचमुळे? आणि तिला पत्ताच नाही. मी कधी कोणाला घाबरलो नाही, पण त्या दोन महिन्यांत त्या खाकी कागदाला घाबरत होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी राहवेना. तिच्याकडे गेलो, दारातच उभा राहिलो.

"ताई, तो गाढव मी आहे."

"ते माहीत आहे. पुढे बोल."

"तसं नाही गं. तो फर्मा लावणारा. म्हणजे लावला लंबूने, पण ढीग बदलला मी. गंमत म्हणून."

सगळं सांगितलं. फडकं, ढीग, उस्तादची थप्पड, लाल-हिरवा दोरा, ग्रंथालयातली प्रत. ती ऐकत होती. चेहऱ्यावर काही नाही. कापडखोलीत चादरी मोजताना असतो तसा चेहरा. मी वाट बघत होतो, आता बोलेल ती चाळीस वर्षांचं.

तिने हातातलं पुस्तक माझ्या छातीवर आपटलं.

"उद्याचा पेपर झाला की मारते तुला. आता प्रश्न विचार. पान एकशे एकोणतीसपासून. दुसऱ्या."

दुसऱ्या दिवशी तिला सेंटरवर सोडलं आणि समोरच्या कठड्यावर बसून राहिलो. तीन तास. आसपास सगळ्या तरण्या पोरांचे आईबाप. एकाने विचारलं, "मुलगी का?" म्हटलं, "मोठी बहीण." तो बिचारा सरकून बसला.

ताई बाहेर आली ती सरळ माझ्याकडे. चेहरा परत तोच, मोजणीचा.

"आलं?"

"आलं. बारा मार्कांना. व्याजस्तुतीचं स्वरूप, स्वतःच्या उदाहरणासह."

"मग? बाइंडर महाशय लिहिलंस ना?"

"ते तिचं उदाहरण. स्वतःचं म्हटलं होतं." तिने पदर सावरला, घसा साफ केला, आणि भर रस्त्यात म्हणून दाखवलं. "'माझा धाकटा भाऊ फार दूरदृष्टीचा. बहिणीने म्हातारपणी कोणता धडा वाचू नये, हे त्याने तिच्या परीक्षेच्या अठ्ठावीस वर्षं आधीच ठरवून टाकलं. त्याच्या या दूरदृष्टीमुळेच तिला दोन शिक्षक मिळाले. एक पेन्सिलीने शिकवणारी, आणि दुसरा संध्याकाळी जेवणाच्या वेळेला बरोबर हजर होणारा.' खाली स्पष्टीकरण दीड पान."

शेजारचे आईबाप टाळ्या वाजवायला लागले. मी कठड्यावरून उठलो.

"ताई, यातलं शेवटचं वाक्य... ते वरचं की आतलं?"

"ते तपासणारा ठरवेल," ती म्हणाली, आणि कबूल केल्याप्रमाणे एक धपाटा घातला. बऱ्यापैकी जोरात.

निकाल लागला सव्वा महिन्याने. तिने फोन केला नाही. दुपारी थेट दुकानात आली, कामाच्या साडीत. कागद टेबलावर ठेवला, पुठ्ठे आणि खळीच्या डब्याच्या मधे. मी आधी हात पुसले. साहित्यसमीक्षा, शंभरात एकसष्ट. खाली 'उत्तीर्ण'. मी तो शब्द बोटाने चाचपून बघितला, शाई खरी आहे का म्हणून. मग मी चष्मा शोधत असल्याचं सोंग केलं, तिने कात्र्या ओळीने लावत असल्याचं.

"ऐक," ती शेवटी म्हणाली. "कापडखोलीतली ती नवीन आहे ना, मुलीला घरी ठेवून येते ती? तिनेही बी. ए.ला नाव घातलंय. तिला हे पुस्तक द्यायचंय. पण पेन्सिल पुसट व्हायला लागलीय. माझंच बोट फिरून फिरून गेली असेल."

मी पुस्तक हातात घेतलं. शेवटच्या समासात, अगदी तळाला, बाईने लिहिलं होतं, 'परीक्षा उद्या. पुढे हे पुस्तक कोणाच्या हाती गेलं तर घाबरू नये. एवढं पुरतं.'

कोण असेल ती? आता कुठे असेल? तिची स्वतःची परीक्षा कशी गेली असेल? माझ्या एका टवाळीने तिची दहा दिवसांची झोप उडवली असणार. तिने काय केलं, तर जे हरवलं होतं ते स्वतः तयार करून पुढच्या माणसासाठी ठेवलं. तो पुढचा माणूस म्हणजे माझी ताई निघाली.

मी चांगला जाड कागद काढला, सोळा पानांची घडी घातली. दुकानाला अर्धा दिवस टाळं लावलं. ताई वाचत गेली, मी बोरूने लिहीत गेलो. अक्षर माझं बरं आहे, तेवढी उस्तादची कृपा. पानांना आकडे टाकले, एकशे पंचेचाळीस ते एकशे साठ. नववा फर्मा दुसऱ्यांदा आला होता तो काढला नाही. धंद्याच्या नियमाने काढायला हवा होता. पण त्यावर तिचा हात होता.

सगळं लिहून झालं तेव्हा शेवटचं अर्धं पान कोरं उरलं. मी बोरू परत दौतीत बुडवला.

"खबरदार," ताई म्हणाली. "काही चावटपणा करशील तर."

मी लिहिलं, 'बाई, तुमचे फार उपकार झाले. बाइंडर.'

तिने कागद ओढून घेतला, दोनदा वाचला, उजेडाकडे धरून बघितला.

"यात काही खोच आहे?"

"नाही."

"खरंच?"

"अगं खरंच. सरळ लिहिलंय. तू लिहायचंस का खाली काही?"

तिने बोरू घेतला. दौतीत बुडवला, टोक कडेला टेकवलं. मग माझ्या ओळीखाली तिने फक्त 'आणि मी' एवढंच लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर हळूहळू फुंकर घालत राहिली. मी सुईत दोरा ओवायला घेतला.